पार्टिशनपलीकडचा हत्ती

चित्रकार जन्मतो, शिकतो, रंग कालवतो, पाठ दुखेपर्यंत वाकून काम करतो. परंतु कोणीतरी त्याचा शोध लावेपर्यंत तो अस्तित्वात आहे असं म्हणता येत नाही. नद्यांचंही तसंच असतं. काठावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे धुणी धूत असतात, पण कोणी दुर्बीण घेऊन आल्याशिवाय ती नदी नकाशात लागत नाही. (धुणी धुणाऱ्यांना नदी आधीपासून माहीत असते, हे मान्य. पण त्यांच्याकडे दुर्बीण नसते.)

आमच्या प्रकाशनसंस्थेला हे तत्त्व फार उशिरा कळलं. आम्ही मुलांची पुस्तकं काढतो. पूर्वी पुस्तकात चित्र हवं असलं की संपादक जागेवरून उठायचे, हॉलच्या टोकाला असलेल्या प्लायवुडच्या पार्टिशनवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "एक कासव लागेल. जरा उतारवयाचं." पार्टिशनपलीकडे माझी धाकटी जाऊ बसायची. दुपारच्या चहापर्यंत कासव मिळायचं, आणि त्याच्या मानेच्या सुरकुत्यांत उतारवयही असायचं.

या पद्धतीतले दोष उघड आहेत. चित्रकार शोधावा लागत नव्हता, त्यामुळे शोधणाऱ्यांना काम नव्हतं. चित्र आधीच तयार असल्यामुळे प्रेरणा घ्यायला कोणाला सवड मिळत नव्हती. चित्रासमोर हनुवटीला हात लावून कोणी स्तब्ध उभं राहत नसे, "झकास!" म्हणून ते थेट छापायला जात असे. अशा वातावरणात कला वाढणार तरी कशी?

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, छापखान्याचा पत्ता आणि 'सर्व हक्क राखीव' यांच्यामध्ये एक ओळ असायची : 'चित्रे – संस्थेतर्फे.' आपल्या आवडत्या संस्थेचा हात इतका सुरेख आहे, हे वाचून वाचकांना समाधानच वाटत असणार.

मग थोरले साहेब निवृत्त झाले आणि धाकटे साहेब खुर्चीवर बसले. ते नुकतेच एका मोठ्या शिबिराला जाऊन आले होते. शिबिरातलं गळ्यात अडकवायचं ओळखपत्र त्यांनी पुढे बरेच दिवस काढलं नाही. त्यांनी आल्याआल्या 'समकालीन प्रेरणादायी चित्रकार व ग्राफिक कलाकार शोध समिती' स्थापन केली. अध्यक्ष साहेब स्वतः. दुसरे विक्रीवाले काका. पुस्तक जाडीवर खपतं, असा त्यांचा अनुभव. तिसऱ्या सल्लागार मॅडम. त्यांनी आयुष्यात एकही चित्र काढलेलं नसल्यामुळे त्यांची नजर अगदी निष्पक्ष होती. आणि चौथी मी.

मी संस्थेत प्रूफं तपासते. माझ्या 'मुद्रितशोधक' या हुद्द्यात शोध आधीच आहे, हे साहेबांच्या लक्षात आलं. पण माझी खरी पात्रता वेगळी होती. मी दर सोमवारी मौन पाळते. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही. कारण लिहिणं म्हणजे गुपचूप बोलणंच. (प्रूफं सोमवारी नुसती वाचते, खुणा मंगळवारी करते.) शिवाय कोणालाही नावं ठेवायची नाहीत, हा रोजचा नेम आहेच. समितीच्या सभा सोमवारी ठरल्या. "न बोलणारा आणि कोणाला नावं न ठेवणारा सदस्य," साहेब म्हणाले, "असा मिळायला भाग्य लागतं."

पहिल्याच सभेत निकष ठरले. ते इतके नेमके आहेत की इतर संस्थांनीही उपयोग करून घ्यावा :

एक. चित्रकार समकालीन असावा, म्हणजे जिवंत असावा, मात्र "माझ्या कामाचं काय झालं?" असं फोन करून विचारण्याइतका जिवंत नसावा.

दोन. तो लांबचा असावा. हाकेच्या अंतरावरच्या माणसापासून प्रेरणा मिळत नाही, फार तर चहा मिळतो.

तीन. त्याचा फोटो असावा. खिडकीपाशी उभा, नजर बाहेर, बोटांना रंग. (कॅमेऱ्याकडे बघणारा चित्रकार व्यापारी वृत्तीचा समजावा.)

चार. त्याने संघर्ष केलेला असावा आणि तो आपल्याकडे येण्याआधी संपलेला असावा.

चित्रं कशी असावीत याबद्दल निकष नाही. त्याने शोधावर विनाकारण बंधनं येतात, असं मॅडमचं मत पडलं.

त्यानंतर समिती कामाला लागली ती लागलीच. सगळे जण आपापल्या फोनवर अंगठ्याने चित्रं वर सरकवत बसायचे. अंगठा थांबेल तिथे प्रेरणा. पहिल्या तिमाहीच्या अहवालानुसार पाहिलेल्या चित्रांपैकी शंभर टक्के चित्रं 'जबरदस्त' होती आणि उरलेली 'काहीतरी वेगळीच'. काकांचा अंगठा सुजला. त्यांना आठवडाभर रजा घ्यावी लागली. कलेसाठी आमच्या संस्थेत कोणी सोसल्याची ही पहिलीच नोंद.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हत्तीच्या पुस्तकासाठी. वाट विसरलेल्या एका म्हाताऱ्या हत्तीची गोष्ट, मोठा आकार, पानभर चित्रं, आणि संस्थेच्या इतिहासात प्रथमच कव्हरवर चित्रकाराचं नाव.

ही बातमी पार्टिशनपलीकडे गेली, आणि आमच्या घराचा हत्तीखाना झाला. पिठाच्या डब्यावर हत्ती, वर्तमानपत्राच्या कडेला हत्ती, पुतण्याच्या हाताला प्लास्टर होतं त्यावर मागून-पुढून हत्ती.

"अगं, काल माझ्या औषधाच्या खोक्यावर काढलास," सासूबाई म्हणाल्या. "आता गोळी मी घेऊ की त्याला देऊ?"

"आई, अजून जमत नाहीये हो तो," जाऊ म्हणाली. "त्याचा चेहरा विसरल्यासारखा दिसायला हवा. माझा झोप आल्यासारखा दिसतोय."

"आमच्या ह्यांच्यासारखा काढ. मग दोन्ही जमेल."

जाऊ हसली, पण पेन्सिल थांबली नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जाऊबाई, या पुस्तकाच्या कव्हरवर नाव असणारे ना? बाहेर? दिसेल असं?"

"हो गं. साहेब म्हणाले तसं."

"माझं आलं ना, तर पहिली प्रत बाबांना देणार. ते अजून लोकांना सांगतात, आमची मुलगी छापखान्यात असते म्हणून. मी शाई लावते असं वाटतं त्यांना."

मजकूर कुठे थांबवून चित्राला किती जागा सोडायची ते कळावं म्हणून तिने पुस्तकाच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने कच्चा हत्ती टाकून दिला होता आणि त्याखाली नेहमीप्रमाणे लिहिलं होतं : 'इथे चित्र येईल.' ती प्रूफं माझ्याकडे होती. सोमवारी सभेला जाताना मी ती टेबलावर ठेवली, आणि मॅडमनी आपल्या शोधाच्या गठ्ठ्यातलीच समजून सगळी पानं बोर्डावर टाचण्यांनी लावून टाकली.

साहेब उठून उभे राहिले. त्यांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"हा कोण?"

"उत्तरेकडचा दिसतोय," मॅडम कुजबुजल्या. "बर्फातला माणूस. रेष बघा ना, किती कमी बोलते."

"आणि शीर्षक काय दिलंय! 'इथे चित्र येईल.' चित्र समोर आहे, तरी म्हणतो अजून यायचंय. काय ही नम्रता!"

"शिवाय आपली भाषा शिकून लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "अक्षरसुद्धा किती आपल्यासारखं काढलंय."

"याने पुस्तक जाड होईल का?" काकांनी विचारलं.

तेवढ्यात पार्टिशनपलीकडून शिंक आली.

"जरा शांत बसा हो तिकडे!" साहेब ओरडले. "इथे चित्रकाराचा शोध चाललाय."

पलीकडे जाऊ त्या वेळी वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकासाठी उजवीकडे वळण्याचा बाण काढत होती. मला बोलता येईना. मी उभी राहिले, हात लांब केला आणि पार्टिशनकडे सरळ बोट दाखवलं. पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा जरा जोरात दाखवलं. सभेच्या इतिवृत्तात ते असं आलं आहे : 'सन्माननीय सदस्येने दूरवर निर्देश करून शोधाचं क्षेत्र अधिक विस्तारण्याची गरज कळकळीने मांडली. टाळ्या.'

मंगळवारी सकाळी मी पहिलं काम ते केलं. साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "साहेब, ते हत्ती आमच्या जाऊबाईंचे आहेत."

साहेब प्रेमळ हसले. "ताई, घरच्या माणसाचं कौतुक कोणाला नसतं?"

"कौतुक नाही हो. तिनेच काढलेत. बोलावू का? हाक मारली तर ऐकू जाईल."

"हाक मारली तर ऐकू जाईल," साहेब सावकाश म्हणाले, आणि त्यांनी निकष क्रमांक दोनकडे पाहिलं. मग ते बोर्डासमोर जाऊन उभे राहिले. हनुवटीला हात लावण्याची गरज त्यांना या वेळी पडली नाही. "रेष जरा घाईची वाटते, नाही?"

"काल कमी बोलत होती," मी आठवण करून दिली.

"हो, पण आज कळतंय ना, तिच्याकडे बोलायला काही नाहीये." मॅडमना बोलावण्यात आलं. त्यांनाही आता शीर्षकात आत्मविश्वासाचा अभाव जाणवला. हत्तीचा कानही रात्रीतून मोठा झाला होता. "आणि असं बघा ताई," साहेब म्हणाले, "अनामिक चित्रकार उत्तरेकडे शोधायचा, हा ठराव सोमवारी एकमताने झालाय. तुम्ही हजर होतात. हरकत घेतली नाहीत. सोमवारचा ठराव मंगळवारच्या माहितीने कसा बदलणार?"

मला हे पटलं. प्रत्येक नव्या माहितीसरशी ठराव बदलायला लागले तर समित्या चालायच्या कशा?

उत्तरेकडचा शोध निष्ठेने चालू राहिला. तो चित्रकार काही सापडेना, आणि जितका सापडेना तितका तो थोर होत गेला. मॅडमच्या मते तो लोकांना टाळून जंगलात राहत असावा. शेवटी छपाईची तारीख येऊन ठेपली तेव्हा पुस्तक त्या कच्च्या हत्तींसकट, खालच्या 'इथे चित्र येईल'सकट छापलं गेलं. कव्हरवर ठसठशीत अक्षरांत : 'चित्रे – अनामिक.'

जाऊने प्रत हातात घेतली, कव्हरवरून एकदा बोट फिरवलं.

"जाऊबाई, अनामिक म्हणजे मीच ना?"

"हो गं."

"मग बाबांना काय सांगू? अनामिक छापखान्यात असते म्हणून?"

मी शेवटचं पान उघडून नुसतं वाचत बसले. त्या दिवशी सोमवार नव्हता, तरीसुद्धा.

पुस्तक मुलांना फार आवडलं. वाट विसरलेला हत्ती कुठे कुठे जाऊन पोचला. एका दूरच्या प्रकाशनसंस्थेतल्या बाईंनाही तो आवडला आणि त्यांनीही चित्रकाराचा शोध घ्यायचं ठरवलं. त्यांची पद्धत मात्र अगदीच बाळबोध होती. त्यांनी फोन करून विचारलं.

आमच्या संस्थेचा फोन पार्टिशनजवळच्या स्टुलावर असतो. तो घ्यायला दुसरं कोणी उठत नसल्यामुळे जाऊच घ्यायची.

"हत्ती कोणी काढलेत हो?"

"मी."

"आमच्यासाठी एक उंटाचं पुस्तक कराल का?"

"करीन. कव्हरवर नाव घालाल?"

"अहो बाई, तुम्ही काढल्यावर दुसऱ्या कोणाचं घालणार?"

जाऊने फोन खाली ठेवला, बाण अर्धा राहिला होता तो पुरा केला, पेन्सिलींचा डबा पिशवीत टाकला आणि साहेबांना सांगून नोकरी सोडली. साहेबांनी तिला मनापासून शुभेच्छा दिल्या आणि पार्टिशनपलीकडच्या जागेचा 'प्रेरणा कक्ष' केला. तिथे आता जमिनीलगतच्या मऊ, पिशवीसारख्या खुर्च्या आहेत. काका पहिल्याच दिवशी एका खुर्चीत बसले. त्यांना बाहेर काढायला दोघे लागले. बाण, कासवं वगैरे किरकोळ गोष्टी तेव्हापासून संस्थेच्या पुस्तकांत नसतात. वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक आम्ही कवितेच्या रूपात काढलं.

जाऊ घरीच काम करू लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीशी. उंटाचं पुस्तक तिकडे निघालं, कव्हरवर तिचं नाव आलं, पहिली प्रत बाबांना गेली. (त्यांनी दोन दिवस ती उशाशी ठेवली आणि मग शेजाऱ्यांना सांगितलं, "मुलीचा छापखाना आहे.")

यानंतरच्या एका सोमवारी मॅडम सभेत धावतच आल्या.

"सापडली! जिला शोधत होतो ती सापडली!"

बोर्डावर उंट लागले. त्यांच्याशेजारी तिकडच्या प्रकाशकांनी छापलेला फोटो. खिडकीपाशी उभी असलेली एक बाई, नजर बाहेर, बोटांना रंग. (दूधवाला आला का ते ती बघत होती. फोटो मी काढला होता.) मागे खिडकीत माझी जपाची माळ अडकवलेली, आणि शेजारी पिठाचा डबा.

साहेबांचा हात हनुवटीला गेला. "काय उजेड आहे! असा उजेड आपल्याकडे पडतच नाही."

"नाव वाचा ना," मॅडम म्हणाल्या. "नावातच केवढं अंतर आहे."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "ऐकल्यासारखंही वाटत नाही," ते समाधानाने म्हणाले. "आणि डब्यावर बघा! आपला हत्ती! आपल्या अनामिकाची प्रेरणा एवढ्या लांब पोचली?"

"आपल्याकडे का नाहीत हो अशी माणसं?" काका हळहळले.

मी उभी राहिले आणि हात छातीवर ठेवला. म्हणजे माझ्या घरी, माझ्याकडे. बोर्डावरच्या माळेकडे बोट दाखवून पुन्हा छातीवर ठेवला. इतिवृत्त : 'सन्माननीय सदस्या भावनावश झाल्या.'

तिकडच्या प्रकाशकांकडून नंबर मिळवून साहेबांनी भर सभेत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाई, आपण आमच्या हत्तीच्या नव्या आवृत्तीसाठी चित्रं काढाल का? आम्ही आपल्याला नुकतंच शोधून काढलंय."

"काढीन की," फोनमधून आवाज आला. मागून सासूबाई कोणाला तरी ओरडत होत्या. "पण आधीचे हत्ती जिने काढले, तिचं नाव आधी कव्हरवर घाला. अनामिक खोडा. ती आवृत्ती छापून आली की मग बोलू."

"आवाज ऐकल्यासारखा वाटतो," काका पुटपुटले.

"मोठ्या कलाकारांचा वाटतोच," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे आपल्याला अनामिक माहीत आहेत?" साहेब खुर्चीच्या टोकावर आले. "कुठे असतात?"

"तुमच्या पार्टिशनपलीकडे बसायच्या," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

साहेबांनी डोक्याला हात लावला. "अरे हो! ताई मंगळवारी काहीतरी म्हणाल्या होत्या खऱ्या. ताई, तुमच्या त्या जाऊबाई! त्यांचं नाव काय हो?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन चांगलं कडक होतं. मी हात जोडले.

"पगाराच्या कागदांवर असेल," साहेब म्हणाले. होतं. 'चित्रे (इतर)'.

"मी त्यांना 'अहो, ऐका' म्हणायचे," मॅडम म्हणाल्या.

"मी पार्टिशनवर टकटक करायचो," काका म्हणाले.

सगळे पुन्हा माझ्याकडे बघू लागले. मी बोर्डावरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोखालीच नाव होतं.

"हो ताई, त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं," साहेब हळुवारपणे म्हणाले. "त्यांना थांबवून ठेवणं बरं दिसणार नाही."

मंगळवारी मी नाव सांगितलंच असतं, उत्तर एका रात्रीवर आलं होतं. पण एवढी मोठी कलावती लांब जाऊ द्यायची नव्हती. कव्हर दुपारीच छापायला गेलं. (तपासायला माझ्याकडे आलं होतं. मी ते नुसतं वाचलं.) संध्याकाळी पहिली प्रत पिशवीत घालून मी घरी आले, दिवा लावला आणि मौन सुटल्यावर ती जाऊसमोर ठेवली.

'चित्रे – ताईंच्या जाऊबाई.'

जाऊने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग अशी हसायला लागली की तिला पाटावर बसावं लागलं. डोळे पुसले ते हसून की कशाने, ते मी विचारलं नाही.

"खोटं काय आहे त्यात?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही, आई. पण आता वाचणारा विचारणार, या ताई कोण?" तिने प्रत उंटाच्या पुस्तकाखाली ठेवून दिली. "साहेबांना सांगा, मी हत्ती नाही काढणार. म्हणावं, शोध चालू ठेवा. तुमचा हात त्यातच बसलाय."

मी मंगळवारी तसं सांगितलं. साहेबांनी नम्रपणे मान डोलावली. मोठी माणसं नकारही किती सुंदर देतात, असं ते म्हणाले, आणि तुम्हाला हे कुठून कळलं, असं काही त्यांनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगू नये, हाही माझा एक नेम आहे.

इथवर वाचताना तुम्ही आमच्या साहेबांना हसला असाल, तर बरं केलंत. हसण्याला माझ्या नेमात मनाई नाही. फक्त एक करा. लहानपणी तुमच्या हातात आलेलं पहिलं चित्रांचं पुस्तक आठवा. त्यातला तो एक प्राणी, ज्याचा कान चघळून चघळून तुम्ही लिबलिबीत केला होतात, डोळे मिटले की जो आजही तस्साच दिसतो. तो कोणी काढला होता?

सावकाश सांगा. आज सोमवार नाही.

नाही आठवत? मग उत्तमच. समितीत एक जागा रिकामी आहे. काकांचा अंगठा पुन्हा सुजलाय.